तळपायाशी बसून : वाचकांची पत्रं आणि माझी उत्तरं

अकरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काम केल्यावर मी रिफ्लेक्सोलॉजी, म्हणजे तळपायाच्या ठरावीक जागा दाबण्याची पद्धत, शिकले, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. या महिन्यात आलेल्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. काही पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत. नावं गाळली आहेत.

*ताई, महिन्यापूर्वी मी पहिल्यांदाच रिफ्लेक्सोलॉजी करून घेतली. तळपायाच्या मधोमध अंगठा दाबला तेव्हा मी अक्षरशः ओरडले. करणारे म्हणाले, "तुमची किडनी वीक आहे." तेव्हापासून मनातून ते जात नाही. मागच्या वर्षीचे रिपोर्ट नॉर्मल होते. पुन्हा तपासू का? – एक वाचक, वय ४६*

तळपाय दुखला एवढ्यावरून किडनी बिघडली असं कुणालाही सांगता येत नाही. एकोणीस वर्षं पाय हाताळलेल्या मलाही नाही. तुम्हाला ते सांगितलं गेलं याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हेच वाक्य एकेकाळी माझ्याही तोंडून गेलं आहे.

माझं तिसरं वर्ष असेल. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. त्यांच्या उजव्या पायाच्या कमानीत, चवड्याच्या जरा खाली, माझा अंगठा गेला की त्या पाय आखडून घ्यायच्या. आमच्या चार्टवर, म्हणजे तळपायावर कुठे कोणता अवयव ते दाखवणाऱ्या नकाशावर, तिथे किडनी लिहिलेली असते. मी सहज म्हणाले, "किडनीकडे जरा लक्ष द्या हं." त्यानंतर सहा आठवडे त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा हातात फाइल होती. लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (किडनी नीट चालते का ते दाखवणारी रक्ततपासणी), सोनोग्राफी, सगळं त्यात होतं आणि सगळं व्यवस्थित होतं. ज्या स्टुलावर त्यांचे पाय असायचे, त्याच स्टुलावर त्यांनी ती फाइल ठेवली. रागावल्या नाहीत. "आता दाबून बघा, दुखतंय का," एवढंच म्हणाल्या. दाबलं. तितकंच दुखलं. मग मी पहिल्यांदा त्यांच्या चपला हातात घेऊन पाहिल्या. टाचेला पार झिजलेल्या, कमानीला काही आधार नाही, आणि बाई दिवसाचे पाच-सहा तास फळ्यासमोर उभ्या. चपला बदलल्या, पोटऱ्या ताणायचा साधा व्यायाम सुरू केला, दोन-अडीच महिन्यांत ते दुखणं गेलं. किडनीचा त्यात काही संबंध नव्हता. त्या सहा आठवड्यांत त्यांनी जे भोगलं, ते माझ्या एका वाक्यामुळे भोगलं.

त्या जागी खरोखर काय असतं ते सांगते. टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. त्याच्या वर बोटं वाकवणारे स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या, आणि मधून गेलेल्या तळपायाच्या नसा. एका पावलात २६ हाडं आणि ३३ सांधे असतात आणि उभ्या माणसाचा सगळा भार त्यांच्यावर येतो. तिथे दाबल्यावर दुखायला आतल्या कुठल्या अवयवाने बिघडण्याची गरज नसते.

"पण हृदयाचं दुखणं डाव्या हातात येतं, मग किडनीचं पायात का येणार नाही?" असंही तुम्ही पत्रात विचारलं आहे. प्रश्न चांगला आहे. हृदयाकडून येणाऱ्या नसा आणि हाताच्या आतल्या बाजूच्या नसा मज्जारज्जूत शेजारीशेजारी शिरतात, म्हणून मेंदूची गल्लत होते. यकृताजवळची सूज उजव्या खांद्यात दुखते तेही तसंच, कारण पोट आणि छाती यांच्यामधल्या पडद्याची नस मानेतून निघते. किडनीच्या संवेदना मात्र पाठीच्या खालच्या मणक्यांच्या पातळीला पोचतात, आणि तळपायाच्या नसा त्याच्याही खाली, कमरेच्या शेवटच्या मणक्यांतून आणि माकडहाडाच्या वर असलेल्या त्रिकास्थी या हाडातून येतात. म्हणून किडनीत खडा अडकला की कळ कुशीतून जांघेकडे येते. तळपायात येत नाही.

याची परीक्षाही झाली आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन रिफ्लेक्सोलॉजिस्टना १८ माणसांचे पाय तपासायला दिले. कुणाला काय आजार आहे हे त्यांना सांगितलं नव्हतं. सहा ठरावीक आजारांपैकी कुणाला कोणता असेल, हे त्यांनी फक्त पाय बघून सांगायचं होतं. अंदाज दैवावर सोडल्यासारखेच निघाले, आणि त्या दोघांचंही आपापसात फारसं जुळलं नाही. हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मला काम करवलं नाही. आज वाटतं, आपल्या विद्येबद्दलची अशी गोष्ट आपणच मोठ्याने सांगायला हवी.

आता तुमचं. डाएबेटीस किंवा ब्लड प्रेशर असेल तर लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन वर्षातून एकदा बघावंच, ते पायाच्या पॉइंटमुळे नव्हे. चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, लघवीला खूप फेस, लघवीत रक्त, यातलं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. यातलं काहीच नसेल तर शांत झोपा, आणि उद्या चपला उलट्या करून त्यांचे तळ बघा.

*ही हजारो वर्षांची प्राचीन विद्या आहे असं सगळीकडे वाचतो. इजिप्त, चीन, भारत अशी नावं घेतली जातात. नेमकी कुठली? – निवृत्त शिक्षक*

सर, पाय चेपणं प्राचीन आहे. पायावरचा अवयवांचा नकाशा प्राचीन नाही. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

इजिप्तमध्ये सक्कारा इथे अंखमाहोर नावाच्या अधिकाऱ्याची थडगी आहे, सुमारे सव्वाचार हजार वर्षांपूर्वीची. तिच्या भिंतीवर काही माणसं दुसऱ्यांचे हातपाय हातात घेऊन बसलेली कोरली आहेत. आमच्या क्षेत्रात ते चित्र फार आवडीने दाखवतात. पण ती रिफ्लेक्सोलॉजी आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही. नखं कापणं आणि हातापायांची निगा, असाही त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. आपल्याकडे चरकसंहितेत पादाभ्यंगाचं, म्हणजे पायांना तेल चोळण्याचं, वर्णन आहे. पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, कोरडेपणा, थकवा आणि बधिरपणा त्याने शमतो, असं तिथे म्हटलं आहे. नीट पाहिलं तर ही यादी पायाच्याच तक्रारींची आहे. तळपायाच्या कुठल्या बिंदूने यकृत सुधारतं, असं तिथे म्हटलेलं नाही.

आज दिसतो तो नकाशा विसाव्या शतकातला, अमेरिकेतला. विल्यम फिट्झगेराल्ड हे कान-नाक-घशाचे डॉक्टर होते. शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे असतात आणि एका पट्ट्यात कुठेही दाब दिला की त्याच पट्ट्यातली दुसरीकडची वेदना बधिर होते, असं त्यांचं म्हणणं होतं. बोटांना रबर बँड आणि कपड्यांचे चिमटे लावून ते दाब देत. १९१७ साली एडविन बॉवर्स यांच्याबरोबर त्यांनी यावर पुस्तक लिहिलं, आणि या पद्धतीला झोन थेरपी म्हणू लागले. जो शेल्बी रायली या डॉक्टरांनी ती पुढे नेली. त्यांच्याकडे युनिस इंगहॅम नावाच्या फिजिओथेरपिस्ट होत्या. १९३० च्या दशकात त्यांनी शेकडो पाय दाबून पाहिले, कुठे दुखतं ते नोंदवलं आणि सगळा भर तळपायावर आणला. त्यांचं पुस्तक १९३८ साली आलं. त्या १९७४ मध्ये गेल्या, तोवर आयुष्यभर गावोगाव फिरून शिकवत राहिल्या. आजचा जवळजवळ प्रत्येक चार्ट, अंगठ्याच्या टोकाला मेंदू, चवड्याला फुप्फुसं, आतल्या कडेला पाठीचा कणा, हा त्यांच्या कामातून आलेला आहे.

या बाईंबद्दल मला खूप आदर आहे. एवढ्या माणसांचे पाय एवढ्या लक्षपूर्वक हातात घेणं सोपं नाही. त्यांचा नकाशा खरा ठरला नाही तरी ते लक्ष खोटं ठरत नाही. मात्र "पाच हजार वर्षांची परंपरा" हे शब्द कुणी जाहिरातीत वापरले तर ते मला पटत नाहीत.

*माझ्या वडिलांना बावीस वर्षं मधुमेह आहे. तळपाय बधिर झालेत, "कापसावर चालल्यासारखं वाटतं" म्हणतात. रिफ्लेक्सोलॉजीने संवेदना परत येईल का? जोरात दाबलेलंच त्यांना आवडतं.*

जोरात दाबलेलं आवडतं, कारण हळू दाबलेलं त्यांना कळतच नाही. म्हणूनच जोरात दाबायचं नाही.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ झोप लागत नाही म्हणून आले होते, वय साठीच्या आसपास. मोजे काढताना डाव्या मोज्याच्या तळाशी वाळलेला तपकिरी डाग दिसला, रुपयाएवढा. पाय उचलून उजेडात धरला तर चवड्याच्या कातडीत एक पिवळं गोल टोक चमकत होतं. ड्रॉइंग पिन होती, पूर्ण आत गेलेली. ते तशाच पायाने जिना चढून आले होते आणि माझ्याशी हसून हवापाण्याच्या गप्पा मारत होते. पिन कधी लागली, त्यांना सांगता येईना. मी हात लावला नाही, स्वच्छ कापड बांधलं आणि त्यांना तसंच डॉक्टरांकडे पाठवलं. त्या दिवसापासून माझ्याकडे कुणीही येवो, पहिली पाच मिनिटं मी पाय फक्त बघते. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, नखांच्या कडा, कुरूप, रंग, दोन्ही पायांचं तापमान. मगच हात.

गेलेली संवेदना रिफ्लेक्सोलॉजीने परत येते असं मला सांगता येणार नाही, आणि कुणी खात्री देत असेल तर त्यांना विचारा की ती मोजणार कशी. डॉक्टरांकडे १० ग्रॅम दाबाला वाकणारा एक नायलॉनचा बारीक धागा असतो. तळपायावर ठिकठिकाणी टेकवून तो कळतो की नाही हे ते बघतात. वडिलांची ही तपासणी वर्षातून एकदा तरी करून घ्या. शुगर ताब्यात ठेवणं, रोज रात्री उजेडात पाय बघणं, अनवाणी न चालणं, बूट घालण्याआधी आत हात फिरवून बघणं, पाय वाचतो तो यानेच.

त्यांना पायाला हात लावलेला आवडत असेल तर जरूर लावा. अख्ख्या तळव्याने, हलक्या हाताने, जखम किंवा फोड नाही ना हे पाहून. अंगठा टोचायचा नाही. लाकडी काठी, टोकेरी रोलर, खड्यांच्या चपला, यातलं काहीही नको. गरम पाण्यात पाय बुडवणंही नको, कारण पाणी किती गरम आहे हे त्यांच्या पायाला कळणार नाही.

*रिफ्लेक्सोलॉजीच्या दहा सिटिंगनंतर माझं ब्लड प्रेशर १५० वरून १३० वर आलंय. गोळी बंद केली तर चालेल ना? आणि पाय बुडवल्यावर पाणी तपकिरी होतं ते डिटॉक्स मशीन घेऊ का?*

गोळी बंद करू नका. पाऊण तास शांत पडून राहिल्यावर, कुणीतरी मायेने पाय धरलेले असताना, वरचा आकडा खाली येतोच. दोन तासांनी, भाजीची पिशवी घेऊन घरी चढून गेल्यावर तो किती असतो ते बघा. घरी रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटं बसून मोजा, दोन आठवड्यांची वही करा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. गोळी कमी करायची की नाही ते ठरवतील. २००९ साली रिफ्लेक्सोलॉजीच्या १८ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. कुठल्याही आजारावर ती परिणामकारक आहे असं पटण्याजोगं दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या विद्येवर मी पोट भरते तिच्याबद्दलचा हा निष्कर्ष आहे आणि तो मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण गोळी बंद केल्यावर धोका तुम्हाला आहे, मला नाही.

मशीन घेऊ नका. मिठाच्या पाण्यात धातूच्या पट्ट्यांतून वीज गेली की पट्ट्या गंजतात आणि पाणी तपकिरी होतं. पाय न बुडवताही होतं. शरीरातली घाण काढायला लिव्हर आणि किडन्या आहेत, तळपायातून फक्त घाम येतो.

*आईला केमो चालू आहे. चौथी झाली. ती फार बोलत नाही. तिच्या पायांवर हात फिरवावासा वाटतो, पण भीती वाटते, काही चुकलं तर? कॅन्सर पसरेल असं एक नातेवाईक म्हणाले. मला शिकवाल का? – मुलगी*

पाय चेपल्याने कॅन्सर पसरत नाही. ही भीती मनातून काढून टाका. बाकी ज्या गोष्टींना जपायला हवं त्या वेगळ्या आहेत, त्या आधी सांगते.

आईच्या डॉक्टरांना फोन करून तीन गोष्टी विचारा. प्लेटलेट्स किती आहेत, कारण त्या फार कमी असतील तर साध्या दाबानेही निळे डाग पडतात. पायात कुठे रक्ताची गुठळी तर नाही ना, कारण केमोच्या काळात हा धोका वाढलेला असतो. आणि हाडात कुठे गाठ आहे का, असेल तर त्या जागी दाब नको. शिवाय रोज तुम्ही स्वतः बघायचं: एकच पोटरी सुजली, लाल झाली, गरम लागली, दुखू लागली, तर हात लावायचा नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. केमोच्या काही औषधांनी बोटं बधिर होतात, झिणझिण्या येतात. तसं असेल तर बोटांवर फक्त तळहात ठेवायचा.

आता तुम्हाला उमेद यावी म्हणून एक सांगते. स्तनाचा कॅन्सर बळावलेल्या ३८५ स्त्रियांचा एक अमेरिकी अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना रिफ्लेक्सोलॉजी मिळाली त्यांना, नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांपेक्षा, दम कमी लागला आणि हालचाल सोपी गेली. वेदना, मळमळ, उदासी यांत मात्र फरक दिसला नाही. त्याच संशोधकांनी पुढे रुग्णांच्या घरच्याच माणसांना पाय हाताळायला शिकवलं. एकूण २५६ रुग्ण होते. निम्म्यांच्या घरच्यांनी चार आठवडे हे केलं, आणि त्या रुग्णांचा एकूण त्रास बाकीच्यांपेक्षा कमी झाल्याचं २०१७ साली प्रसिद्ध झालं. तिथे हात घरच्यांचे होते, तज्ज्ञांचे नव्हते. आजार बरा झाला असा दावा त्यांनी केला नाही, मीही करत नाही. पण दिवस थोडा सोपा गेला, हे केमो चालू असलेल्या माणसाला फार असतं. वॉर्डात मी ते पाहिलं आहे. सलाइन लावताना जी बाई डोळे घट्ट मिटून घ्यायची, तीच बाई चादर सरळ करताना माझा हात तिच्या पायावर जरा जास्त वेळ राहिला की डोळे उघडून बघायची.

कसं करायचं ते सांगते. नखं कापा. अंगठी, बांगड्या काढा. हात कोमट पाण्याने धुवा, कारण गार हात लागला की पाय दचकतो. आई पलंगावर, गुडघ्यांखाली उशी. तुम्ही तिच्या पायांशी, पाठ टेकून बसा, नाहीतर पाच मिनिटांत तुमचीच कंबर भरून येईल आणि ते तुमच्या हातांतून तिला कळेल. आधी आईला विचारा, "धरू का पाय?" गेले कित्येक महिने तिच्या शरीराला न विचारताच हात लागत आले आहेत.

"हो" म्हणाली तर दोन्ही टाचा दोन तळहातांत घ्या. दाबू नका, चोळू नका. नुसतं वजन घ्या. पाय हळूहळू जड होतो, म्हणजे आई तो तुमच्या हातात सोडून देते. हे व्हायला मिनिटभर लागतं, कधी तीन मिनिटं. त्याआधी पुढे जाऊ नका. मग एक पाय डाव्या हाताने आधार देऊन धरा आणि उजव्या अंगठ्याचं पहिलं पेर वाकवत-सरळ करत, अळी चालते तसा तो टाचेकडून चवड्याकडे न्या. आमच्या शिक्षणात हा पहिला धडा असतो आणि तो हातात बसायला मला चार महिने लागले होते, पण तुमच्यासाठी एवढं पुरे: अंगठा उचलायचा नाही आणि नख लागू द्यायचं नाही. दाब किती? बंद पापणीवर बोट ठेवलं तर जितका सहन होईल तितका. कमानीशी पोचलात की थांबा, अंगठा तिथे टेकवून ठेवा आणि आईच्या श्वासाकडे बघा. तिचा श्वास बाहेर जाताना दाब जरा सैल सोडा. दोन-तीनदा. मग दुसरा पाय.

चार्ट घेऊ नका. कुठे काय लिहिलंय हे बघत बसलात तर आईकडे लक्ष राहणार नाही. तिला कुठे दुखलं तर "हे कशाचं?" असं मनात आणू नका, तेवढी जागा सोडून द्या. ती "नको" म्हणाली किंवा पाय नुसता मागे घेतला, तर पुन्हा चादर घाला आणि तिथेच बसून राहा.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांच्या वर जाऊ नका. सुती मोजे आधीच काढून उशीशेजारी ठेवा, म्हणजे शेवटी पाय सोडून उठावं लागणार नाही.